आज्ञावलीचे अध्यापन आणि गणिताची भाषा

गणिताच्या विद्यार्थ्यास आज्ञावली-लेखन शिकविताना जी अडचण येते, ती यंत्राची नसून भाषेची आहे, असे प्रस्तुत टिपणात प्रतिपादावयाचे आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली घडविलेले गणकयंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. यंत्राच्या स्वतःच्या संकेतांत आज्ञा लिहिताना, समीकरण व आज्ञा यांची गल्लत होण्याचे कारण नव्हते. दोहोंचे रूपच भिन्न होते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सी. डी. सी. ३६०० हे यंत्र आले आणि फोरट्रान भाषेचा वापर वाढला. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये सिद्ध केलेल्या या भाषेच्या नावाचा अर्थच 'सूत्रांचे भाषांतर' असा आहे. ती गणितासारखी दिसते, ही तिची सोय. आणि घोटाळ्याचे मूळही तेच.

'न = न + १' हे उदाहरण घ्यावे. दोन्ही बाजूंतून न वजा केल्यास ० = १ असे मिळते; अर्थात गणिताच्या विद्यार्थ्यास हे असत्य वाटते. फोरट्रानमध्ये मात्र त्याचा अर्थ, 'न या स्थानी असलेल्या संख्येत एक मिळवून फल तेथेच ठेवावे', असा होतो. पहिले विधान होय, दुसरी आज्ञा. विधान सत्य वा असत्य असते. आज्ञा केवळ पाळली जाते. अल्गोल ६० या भाषेच्या कर्त्यांनी ':=' हे स्वतंत्र चिन्ह योजून हा भेद लेखनातही राखला.

आपल्या परंपरेस हा भेद अपरिचित नाही. आर्यभटीयात वर्गमूळाची रीत 'भागावे' अशा विध्यर्थी क्रियापदाने सांगितली आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (११५०) अनेक सूत्रेही कृतीचा क्रम सांगतात. विद्यापीठीय गणितात पुढे सिद्धतेला प्राधान्य आले व रीत गौण ठरली. म्हणून विद्यार्थ्यास आज्ञार्थ नवखा वाटतो.

आज प्रचलित असलेल्या पायथॉन भाषेतही आज्ञेसाठी '=' हेच चिन्ह आहे; तेव्हा प्रश्न जुना झालेला नाही. चिन्हे पाठ करविण्यापूर्वी फळ्यावर प्रत्येक पायरीनंतरचे न चे मूल्य मांडून दाखवावे. वाक्य सांगते काय आणि करविते काय, हे ज्यास उमगले, त्यास पुढील व्याकरण जड जात नाही.