मिलवॉकीतली रोपवाटिका

शहरातली शेती म्हटलं की आपल्याला गॅलरीतली तुळस आणि कढीपत्ता आठवतो. पण अमेरिकेत याच शेतीने वस्तीतल्या मुलांना काम दिलं, त्याचा हा छोटासा इतिहास.

विल ॲलन हा मेरीलँडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. शेती नको म्हणून तो व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, मग कॉर्पोरेट नोकरी केली. आणि १९९३ साली मिलवॉकीत एक बंद पडलेली रोपवाटिका विकत घेतली! जवळच वेस्टलॉन ही सरकारी घरांची मोठी वसाहत. तिथली मुलं इथे रोपं लावू, भाजी विकू लागली. यातूनच 'ग्रोइंग पॉवर' संस्था उभी राहिली.

मिलवॉकी हे बिअरचं गाव. तिथल्या कारखान्यांतला चोथा खतात जाई, मग गांडुळं कामाला लागत. टाक्यांत मासे आणि त्याच पाण्यावर वर पालेभाजी. २००८ मध्ये ॲलनला ५ लाख डॉलर्सची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

तरीही २०१७ मध्ये कर्जापायी संस्था बंद पडली. कारण साधं आहे. मुलांना घडवण्याचा खर्च भाजीच्या भावात बसत नाही, तो अनुदानातूनच भागवावा लागतो. आणि अनुदानाचा काय भरवसा?

पण बी वाया गेलं नाही. त्याच वर्षी ॲलनची मुलगी एरिका हिने सहकारी मैत्रिणीबरोबर शिकागोत 'अर्बन ग्रोअर्स कलेक्टिव्ह' सुरू केलं. तिथेही शेतात राबायला वस्तीतली मुलं आलीच!