युनिक्सची मालकी आणि एससीओचे भागधारक

अमेरिकेच्या युटा राज्यातील एससीओ ग्रुप या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीने मार्च २००३ मध्ये बलाढ्य आयबीएमवर एक अब्ज डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. युनिक्स या संगणक प्रणालीतील गोपनीय तंत्र आयबीएमने लिनक्स या मुक्त प्रणालीत घातले, असा तिचा आरोप होता. मागणी पुढे पाच अब्जांवर गेली. दाव्याआधी सुमारे दोन डॉलरला मिळणारा एससीओचा समभाग त्याच ऑक्टोबरमध्ये वीस डॉलरच्या पुढे पोहोचला. ही तेजी मालाच्या खपाची नव्हती, खटल्याच्या आशेची होती.

गुंतवणूकदारांत सरळ दोन तट पडले. लिनक्स वापरणाऱ्या उद्योगांकडून सर्व्हरमधील दर प्रोसेसरमागे ६९९ डॉलर परवाना शुल्क घेण्याची योजना एससीओने जाहीर केली होती; मायक्रोसॉफ्ट आणि सन यांनी युनिक्सचे परवाने घेतलेही होते. दावा टिकला तर पैशांचा ओघ अटळ, असे एक तट म्हणे. चोरलेल्या आज्ञावलीच्या ओळी आधी दाखवा, असा दुसऱ्याचा आग्रह होता. बेस्टार कॅपिटल आणि रॉयल बँक ऑफ कॅनडा यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये पाच कोटी डॉलर गुंतवले. मात्र २००४ च्या एप्रिलमध्येच बेस्टारने रक्कम परत मागितली. एससीओने सॉफ्टवेअर विक्रीत वेळ न दवडता सारी शक्ती खटल्यात लावावी, असे तिचे म्हणणे होते. धंदा बाजूला ठेवून कज्जाच चालवा, असा सल्ला गुंतवणूकदाराने देणे विरळाच!

खरी गोम मात्र १९९५ च्या खरेदीखतात होती. एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेले युनिक्स १९९३ मध्ये नोव्हेलकडे आले. नोव्हेलने हा व्यवसाय १९९५ मध्ये सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला आणि तिच्याकडून तो २००१ मध्ये काल्डेराने घेतला. काल्डेरानेच पुढे एससीओ हे नाव धारण केले. जमीन घेताना सातबारा पाहावा, तसे मूळ करारपत्र पाहिले असता वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत ‘सर्व स्वामित्वहक्क’ असे शब्द आढळत होते. जुन्या परवान्यांच्या मानधनातील ९५ टक्के वाटाही नोव्हेलचाच होता. १९९६ च्या दुरुस्तीने, खरेदीदाराला आपले अधिकार बजावण्यासाठी आवश्यक असलेले हक्क या वगळणुकीतून बाहेर काढले. पण ‘आवश्यक’ म्हणजे नेमके कोणते? सारा वाद या एका शब्दाभोवती फिरला.

नोव्हेलने मे २००३ मध्ये मालकीचा दावा जाहीर केला आणि नोव्हेंबरात २१ कोटी डॉलरला सुसे ही लिनक्स कंपनी घेण्याची घोषणा केली. आयबीएमने नोव्हेलमध्ये पाच कोटी डॉलर घालण्याचे ठरवले. म्हणजे मालकीचा साक्षीदार प्रतिस्पर्ध्याच्याच गोटात होता.

न्या. डेल किम्बॉल यांनी १० ऑगस्ट २००७ रोजी नोव्हेलच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या व्यवहारदिवशी एससीओचा समभाग सुमारे ७० टक्क्यांनी कोसळला आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपील न्यायालयाने २००९ मध्ये प्रश्न ज्यूरीपुढे पाठवला. ३० मार्च २०१० रोजी ज्यूरीनेही नोव्हेललाच मालक ठरवले. आयबीएमवरील दावा २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीने मिटला. ही रक्कम एससीओच्या दिवाळखोरी विश्वस्ताकडे गेली.