कायद्यातला चुकलेला गुणाकार

१९ मार्च २०१३ च्या पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेली एक खासगी बस रत्नागिरी जिल्ह्यात, खेडजवळ, जगबुडी नदीच्या पुलावरून खाली कोसळली. ३७ माणसं गेली. पेपरातली बातमी साधारण इथे संपते. घरच्यांचे कागद मात्र इथून सुरू होतात: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीची विमा पॉलिसी, आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. संशोधनासाठी विषय शोधत असाल तर या कागदांचा इतिहास जरा बघा.

व्यवस्था आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. मोटार वाहन कायदा १९३९ चा, पण त्यातलं सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ ला. न्यायाधिकरणं त्याहून उशिरा, १९५६ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी दिवाणी कोर्टात दावा लावायचा, तोही कोर्ट फी भरून. कमावता माणूस गमावलेल्या घराने हे कसं करायचं!

अर्जाची मुदत सुरुवातीला ६० दिवस होती, पुढे सहा महिने झाली. १९९४ मध्ये मुदतच काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. म्हणून या विषयावरचा कुठलाही लेख वाचताना तो कोणत्या वर्षी लिहिलाय ते आधी बघायचं. १९९४ नेच आणखी एक सोय केली: अपघात झाला तिथेच नाही, तर आपण राहतो तिथेही दावा लावता येतो. अपघात कशेडी घाटात आणि कुटुंब डोंबिवलीत, अशा चाकरमान्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

आता माझ्या आवडीचा भाग, आकडेमोड. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. गुणक उरलेल्या वर्षांपेक्षा लहान असतो, कारण रक्कम एकदम मिळते, तिच्यावर व्याज येतं आणि आयुष्याची खात्री कुणालाच नसते. ही रीत इंग्लंडच्या कोर्टांतून आपल्याकडे आली. १९९४ मध्ये संसदेने तिचा तयार तक्ताच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात घातला.

आणि तो तक्ता चुकलेला होता. पहिल्याच ओळीत उत्पन्न ३,००० आणि गुणक १५, म्हणजे उत्तर ४५,००० यायला हवं. छापलं होतं ६०,०००. पुढच्या ओळीत १६ ने गुणून ४८,००० ऐवजी ५७,०००. १९९६ मध्ये त्रिलोकचंद्र खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्या चुका दाखवल्या आणि तक्ता फक्त मार्गदर्शक म्हणून वापरा असं सांगितलं. तरी तो कायद्याच्या पुस्तकात २०१८ पर्यंत राहिला. मधल्या काळात, २००९ च्या सरला वर्मा निकालात, न्यायालयाने स्वतःचे गुणक ठरवून दिले: १५ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७. (म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचा गुणक यातलाच एक!) अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मं उत्पन्न त्याच्याच खर्चाचं धरतात.

गुणाकाराची चूक निदान कुणाच्या तरी नजरेला आली. त्याच परिशिष्टात आणखी एक ओळ होती: न कमावणाऱ्या व्यक्तीचं मानीव उत्पन्न वर्षाला १५,०००, ती जोडीदार असेल तर कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. आता नवरा मुंबईला आणि गावाकडे भातलावणी, गुरं, कलमं, सासू-सासरे सगळं एकटीने बघणारी बाई डोळ्यांसमोर आणा. तिच्या कामाचं मोल नवऱ्याच्या पगारावर ठरणार. २०१० च्या अरुणकुमार अग्रवाल खटल्यात न्यायालयाने यावर कडक शब्दांत लिहिलं आणि संसदेने याचा फेरविचार करावा असं म्हटलं. निकाल मुळातून वाचा, सारांशावर भागवू नका.