लाइफटाइम नंबरची गोष्ट

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. घाबरू नका, विषय तुमच्या खिशातलाच आहे... दहा आकडी मोबाइल नंबर! बँक, आधार, ईमेल, यूपीआय, सगळ्यांची किल्ली आज तोच. आणि आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला गावाकडून कधी ना कधी फोन येतोच, "ओटीपी येईना रे, जरा बघ की!" हा ओटीपी का येईना, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

मुळात फोन नंबर माणसाचा नव्हताच, जागेचा होता. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. नंबर म्हणजे एक्स्चेंजमधून निघालेल्या एका तारेचं नाव. पुढे एसटीडी आलं तेव्हाही तेच. ०२११२ दिसलं की समजायचं, बारामतीचा फोन. घर बदललं की बहुतेक वेळा नंबरही बदलायचा. चार नातेवाइकांना कळवलं की काम झालं, कारण त्या नंबरावर कोणाचे पैसे अडकलेले नव्हते.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला आणि नंबर भिंतीवरून खिशात आला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. मग मोबाइल शेताच्या बांधापर्यंत पोचला. २००५-०६ च्या सुमारास ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' कार्डं आली. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली, म्हणजे कंपनी बदला पण नंबर तोच ठेवा. झालं! नंबर आता कायमचा आपला, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं बघा. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरी पडताळणी सक्तीची केली. ती आधी बहुतेक पासवर्डची होती, मग एसएमएसने येणाऱ्या ओटीपीची झाली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. आधारच्या फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना होता, पण तो ऐच्छिक. घरात फोन एकच, मग पाच जणांच्या फॉर्मवर तोच नंबर. नाहीतर पुतण्याचा. नाहीतर फॉर्म भरून देणाऱ्याचाच! तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण पुढच्या दहा वर्षांत हा रकानाच दरवाजा झाला. २०१६ मध्ये यूपीआय आलं, ते तुमचं सिम फोनमध्ये आहे का हे एसएमएस पाठवून तपासतं. पीएम किसानची ई-केवायसी, ई-पीक पाहणी, २०२५ मधली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी... सगळीकडे नंबर आणि ओटीपी. आता विचार करा, पैसे बाईच्या खात्यात, पण ओटीपी वाजतो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर. खातं तिचं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

बरं, एसएमएस या कामासाठी बनलाच नव्हता. ३ डिसेंबर १९९२ ला गेलेला पहिला एसएमएस साध्या नाताळच्या शुभेच्छांचा होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच एसएमएस-ओटीपीला 'मर्यादित वापर' या गटात टाकलं.

आणि ते 'लाइफटाइम'? २०१८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली आणि आजन्म वैधता तिथेच संपली. रिचार्ज नाही, तर नंबर बंद. बंद झाल्यावर किमान ९० दिवस थांबून कंपनी तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते.

माळेगाव बुद्रुकच्या आमच्या आप्पांचं, म्हणजे चुलत्यांचं, हेच झालं. ऊस कारखान्याला जातो, बिल बँकेत जमा होतं. पण खात्याला जुनं, दुसऱ्या खणातलं सिम जोडलेलं. ते बंद पडून कधीच दुसऱ्याकडे गेलेलं. आप्पांनी त्या नंबरावर फोन लावला तर पलीकडून कोणी हिंदीत बोललं! शनिवार-रविवार बसून मी जो क्रम लावून दिला तो असा. आधी चालू सिम स्वतःच्या नावावर आहे ना ते बघायचं (२०२३ पासून असलेल्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरची सगळी कनेक्शनं दिसतात). मग आधारमधला नंबर बदलायचा. आधार केंद्रावर त्याला कागदपत्र लागत नाही, बोट लावलं की पुरतं. मग पासबुक आणि आधार घेऊन बँकेच्या शाखेत अर्ज. त्यानंतर यूपीआयची नव्याने नोंदणी. ईमेलचं काम मात्र या रांगेत नाही, ते लगेच करायचं. ज्या फोनवर लॉगिन अजून चालू आहे तिथूनच रिकव्हरी नंबर बदलायचा, चुकूनही लॉगआउट करायचं नाही, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवायचे. उलट्या क्रमाने गेलात, तर प्रत्येक खिडकीवर जुन्याच नंबरचा ओटीपी मागतील.

पेशवाईतला शिक्का आठवून बघा. नवा पेशवा आला की त्याच्या नावाचा नवा शिक्का खोदला जायचा. कागद बघितला की कळायचं, हा कोणाच्या कारकिर्दीतला. आपला नंबर हा बिननावी शिक्का आहे. माणूस बदलतो, शिक्का तोच राहतो, आणि दवंडीही पिटली जात नाही. आता ट्राय बंद झालेल्या नंबरांची यादी काढतं, आणि बँका व यूपीआय ॲप्सनी आपल्या नोंदी दर आठवड्याला तिच्याशी ताडून बघाव्यात असा नियम मार्च २०२५ अखेर लागू झाला. दवंडी आली, पण उशिरा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत एसएमएस सोडून इतर मार्गांनाही जागा दिली आहे. तरी गावाकडे ओटीपी लगेच जाईल असं मला वाटत नाही.

थोडक्यात काय, तर नंबर भाड्याचा आहे. रिचार्ज हे त्याचं भाडं. घर सोडताना आपण दुधवाल्यापासून गॅस एजन्सीपर्यंत सगळ्यांना पत्ता कळवतो, तसंच सिम सोडण्याआधी सगळीकडे नंबर बदलायचा, सोडल्यावर नाही. आणि पुढच्या वेळी गावी गेलात की आईला एवढंच विचारा, "तुझ्या बँकेला कोणाचा नंबर आहे?" उत्तर तुमचा नंबर असं आलं, तर तिच्या नावाचं सिम घेऊन द्या आणि तिची किल्ली तिच्या हातात ठेवा.