क्युरेटर प्रशिक्षण (समकालीन कला)

समकालीन कलेची प्रदर्शने संकल्पित करणे, त्यांसाठी कलाकृतींची निवड व मांडणी करणे आणि त्यांविषयी लेखन करणे या कामाची तयारी करून देणाऱ्या शिक्षणक्रमांना क्युरेटर प्रशिक्षण असे म्हणतात. त्यात विद्यापीठीय पदव्युत्तर अभ्यासक्रम, संग्रहालये व कलाकेंद्रे चालवीत असलेले शिक्षणक्रम, अल्पमुदतीची निवासी शिबिरे आणि पाठ्यवृत्ती यांचा समावेश होतो. स्वतंत्र विद्याशाखा म्हणून हे शिक्षण प्रामुख्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आकारास आले.

संज्ञा

'क्युरेटर' हा शब्द 'काळजी घेणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. वस्तुसंग्रहालयातील संग्रहाची देखभाल, नोंदणी आणि अभ्यास करणाऱ्या अधिकाऱ्यास मराठीत 'अभिरक्षक' म्हणतात. समकालीन कलेच्या क्षेत्रातील क्युरेटरकडे मात्र अनेकदा कोणताही संग्रह नसतो. एखादा विषय वा प्रश्न घेऊन त्याभोवती विविध कलावंतांच्या कृतींची गुंफण करणे हे त्याचे मुख्य काम असते. या अर्थाने मराठी कलासमीक्षेत 'विचारनियोजक' हा शब्दही वापरला जातो. दोन्ही कामांची प्रशिक्षणे वेगळी असून संग्रहालयशास्त्राच्या पदवीने दुसऱ्या प्रकारच्या कामाची तयारी होतेच असे नाही.

इतिहास

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात पॉल सॅक्स यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी संग्रहालयकार्याचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तो १९४८ पर्यंत चालवला. कलाकृती प्रत्यक्ष हाताळून अभ्यासणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे पहिले संचालक आल्फ्रेड बार हे सॅक्स यांचे विद्यार्थी होत. या शिक्षणाचा भर मात्र संग्रहालयाच्या कारभारावर होता.

स्वित्झर्लंडचे हाराल्ड झेमान यांनी १९६९ मध्ये बर्न येथील कुन्स्टहाले या संस्थेत 'व्हेन अ‍ॅटिट्यूड्स बिकम फॉर्म' हे प्रदर्शन भरवले. त्यानंतर त्यांनी संस्थेतील पद सोडले व स्वतंत्रपणे काम सुरू केले. १९७२ च्या पाचव्या डॉक्युमेंटाची धुरा त्यांच्याकडे होती. कोणत्याही एका संस्थेला बांधलेला नसलेला 'स्वतंत्र क्युरेटर' या काळात ठळकपणे पुढे आला. पुढे जगभर द्वैवार्षिक प्रदर्शने वाढली, तशी अशा क्युरेटरांची मागणीही वाढली.

प्रमुख शिक्षणक्रम

* व्हिटनी इंडिपेंडंट स्टडी प्रोग्राम, न्यूयॉर्क – व्हिटनी संग्रहालयाने १९६८ मध्ये सुरू केलेला शिक्षणक्रम. कलावंत, समीक्षक व क्युरेटर यांना एकत्र आणून वाचन व चर्चासत्रांवर भर देण्याची पद्धत येथे रुजली.
* एकोल द्यु मागाझँ, ग्रनोब्ल (फ्रान्स) – १९८७ मध्ये एका समकालीन कलाकेंद्राने सुरू केलेली शाळा. क्युरेटरांसाठीची युरोपातील ही पहिली शाळा मानली जाते.
* रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, लंडन – ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलच्या सहकार्याने १९९२ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांनी मिळून भरवलेले प्रदर्शन हा त्याचा महत्त्वाचा भाग होता.
* बार्ड महाविद्यालय, न्यूयॉर्क राज्य – क्युरेटर अध्ययन केंद्राची स्थापना १९९० मध्ये झाली आणि १९९४ मध्ये दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. केंद्राला स्वतःचा कलासंग्रह, ग्रंथालय आणि अभिलेखागार यांची जोड आहे.
* डे अ‍ॅपल, अ‍ॅमस्टरडॅम – १९९४ पासून मोजक्या उमेदवारांसाठी चालणारा शिक्षणक्रम. येथे पदवी मिळत नाही. अनुभवी क्युरेटरांचे मार्गदर्शन, अभ्यासदौरे आणि संयुक्त प्रकल्प यांवर भर असतो.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

बहुतेक शिक्षणक्रमांत तीन घटक आढळतात. पहिला घटक सैद्धान्तिक असतो. त्यात आधुनिक व समकालीन कलेचा इतिहास, प्रदर्शनांचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, तसेच वसाहतोत्तर व स्त्रीवादी विचार शिकवले जातात. दुसरा घटक व्यावहारिक असतो. अंदाजपत्रक, निधीसंकलन, उसनवारीचे करार, विमा, वाहतूक, प्रकाशयोजना, भिंतीवरील मजकूर आणि प्रदर्शनपुस्तिकेचे संपादन हे त्याचे विषय होत. तिसरा घटक म्हणजे प्रत्यक्ष प्रदर्शन. विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रस्तावापासून उद्घाटनापर्यंतचा प्रवास येथे पूर्ण करावा लागतो. कागदावर सुसंगत वाटणारी कल्पना दालनाच्या मोजमापात, ठरलेल्या खर्चात आणि कलावंताच्या अपेक्षांत बसते की नाही, याची कसोटी या टप्प्यावर लागते.

भारतातील स्थिती

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्र विभाग सुरू झाला. या विषयाचा तो देशातील पहिला विद्यापीठीय विभाग होय. याच विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेतील कलेतिहासाच्या अध्यापनाने समीक्षक व क्युरेटरांच्या अनेक पिढ्या घडवल्या. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील कला व सौंदर्यशास्त्र विभागातही दृश्यकलेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या 'खोज' या दिल्लीतील कलावंतांच्या संस्थेने दक्षिण आशियातील तरुण क्युरेटरांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षणवर्ग घेतले आहेत.

कोची-मुझिरिस बिएनालेच्या जोडीने २०१४ पासून भरणाऱ्या 'स्टुडंट्स बिएनाले'त तरुण क्युरेटर देशभरातील कलामहाविद्यालयांत जाऊन विद्यार्थ्यांच्या कामाची निवड करतात. वर्गाबाहेरचे प्रशिक्षण म्हणून या उपक्रमाला महत्त्व आहे.

महाराष्ट्र व गोवा

मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक व समकालीन भारतीय कला आणि क्युरेटरकार्य या विषयांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील पदविकेचा भर संग्रहालयशास्त्र व जतनावर आहे. गोव्यात पणजी येथे २०१६ पासून भरणाऱ्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवात प्रत्येक कलाप्रकारासाठी स्वतंत्र क्युरेटर नेमले जातात.

मुंबईतील आघाडीच्या क्युरेटरांपैकी अनेक जण मात्र अन्य मार्गांनी या क्षेत्रात आले. रणजित होस्कोटे हे कवी व कलासमीक्षक असून २०११ च्या व्हेनिस बिएनालेतील भारतीय दालनाचे ते क्युरेटर होते. कोची-मुझिरिस बिएनालेच्या २०१४ व २०१६ च्या आवृत्त्यांचे क्युरेटर अनुक्रमे जितीश कल्लाट आणि सुदर्शन शेट्टी होते. दोघेही मुंबईतील सर ज. जी. कलामहाविद्यालयात शिकलेले कलावंत आहेत.

टीका व मतभेद

क्युरेटर होण्यासाठी औपचारिक शिक्षण आवश्यक आहे काय, याविषयी एकमत नाही. २००२ च्या अकराव्या डॉक्युमेंटाचे कलासंचालक ओक्वी एन्वेझोर यांचे शिक्षण राज्यशास्त्राचे होते. झेमान यांच्या पिढीसमोर तर असे अभ्यासक्रमच नव्हते. मोजक्या संस्थांतून शिकलेले क्युरेटर तीच ती सिद्धान्तभाषा वापरतात आणि त्यामुळे प्रदर्शने एकसाची होतात, असा एक आक्षेप आहे. प्रशिक्षणाच्या समर्थकांच्या मते करार, मानधन व जतन यांविषयीची व्यावसायिक शिस्त केवळ अनुभवावर सोडता येत नाही. तिच्या अभावी नुकसान कलावंताचे होते.

दुसरा आक्षेप संधीच्या विषमतेचा आहे. पाश्चात्त्य देशांतील शिक्षण खर्चिक आहे, आणि उमेदवारीची अनेक कामे बिनपगारी किंवा अल्प मोबदल्याची असतात. परिणामी आर्थिक पाठबळ नसलेले विद्यार्थी मागे पडतात. भारतात त्यात भाषेची भर पडते. अध्यापन, वाचनसाहित्य आणि प्रस्तावलेखन बहुतांशी इंग्रजीत असल्याने भारतीय भाषांतून शिकलेल्या कलाविद्यार्थ्यांस दृश्यकलेची जाण असूनही या क्षेत्रात प्रवेश करणे अवघड जाते. प्रादेशिक भाषांत परिभाषा व पाठ्यसामग्री तयार होणे म्हणूनच केवळ अनुवादाचा प्रश्न नसून, कोणाच्या नजरेतून कला लोकांसमोर मांडली जाईल याच्याशी निगडित आहे.

हेही पहा

* संग्रहालयशास्त्र
* कोची-मुझिरिस बिएनाले
* डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय
* सर ज. जी. कलामहाविद्यालय