आज्याले काय भेटलं?

दर शनिवारी सकाळी सीताबर्डीवर आम्ही चार-पाच निवृत्त मास्तर चहाला जमतो. नाताळाच्या आठवड्यात मी घरच्या करंज्या आणि चकल्यांचा डबा घेऊन गेलो होतो. चकली मोडता मोडता एक जुना दोस्त म्हणाला, "खरं सांग बे, बाटले तेव्हा तुह्या आज्याले काय भेटलं होतं?" सगळे हसले. मीही हसलो. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला प्रश्न असा हसून सोडून देता येत नाही.

नागपुरात हा प्रश्न जुना आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री 1845 मध्ये इथे आला, तेव्हा गादीवर भोसले होते. पुढच्या वर्षी त्याने शाळा काढली. 1883 मध्ये त्याच्या नावाने निघालेल्या कॉलेजातच मी शिकलो. हिस्लॉपला लोक ख्रिस्ती व्हायला हवे होते आणि ते त्याने कधी लपवलं नाही. आपल्या देवांबद्दल त्याचं मत काही चांगलं नव्हतं, हेही मी लपवत नाही. आमचा धर्म घेऊन आलेले गोरे सगळेच संत होते, असं म्हणणारा ख्रिस्ती मला अजून भेटायचा आहे.

पण त्याच माणसाने नागपूरच्या आसपासचे दगड आणि त्यांतले जीवाश्म गोळा करून अभ्यासले. एका खनिजाला त्याच्यावरून हिस्लॉपाइट हे नाव पडलं. मला मात्र त्याचं दुसरंच काम मोठं वाटतं. परधान गायकांच्या तोंडून त्याने गोंडांच्या लिंगोचं गीत उतरवून घेतलं. त्याच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, रिचर्ड टेंपलने ते कागद छापले. मिशनऱ्यांनी आदिवासींचे देव पुसले, असं सरसकट म्हणणाऱ्याने या पुस्तकाचं काय करायचं ते ठरवावं. 4 सप्टेंबर 1863 रोजी हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतत होता. बोरीजवळ पूर आला होता, त्यात तो बुडाला. त्याला काय भेटलं, हे कोणी विचारत नाही.

मग येतात नारायण वामन टिळक. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला असलेला हा चित्पावन कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना काय भेटलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावं. नातलग तुटले, नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाने, नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे. त्या दोघांनी मराठीला काय दिलं, हे मराठी मास्तरांनी मला शिकवायची गरज नाही. मीच त्यांना शिकवीन.

आमच्यावरचा सगळ्यात मोठा आरोप मात्र सरकारी कागदावर आहे, आणि तोही नागपुरात छापलेल्या. 1954 मध्ये, नागपूर मध्यप्रदेशची राजधानी असताना, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली. समितीत वर्ध्याचे एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्तीही होते. समिती 14 जिल्हे फिरली, 11,360 लोकांना भेटली. तिची प्रश्नावली 99 प्रश्नांची होती. उत्तरं आली 385. त्यांतली ख्रिस्ती लोकांची फक्त 55. कॅथलिकांनी सहकार्य काढून घेतलं, हे त्यामागचं एक कारण. ती त्यांची चूक होती असं मला वाटतं. शाळा, दवाखाने आणि कर्जाच्या आमिषाने धर्मांतरं झाल्याच्या तक्रारी अहवालात आहेत. त्यांतल्या काही खऱ्या असणार, हे मी मान्य करतो. पण सरगुजा-जशपूरच्या तक्रारींचं ओझं नागपूरच्या प्रत्येक ख्रिस्ती घराच्या उंबऱ्यावर आणून टाकायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?

अहवाल 1956 मध्ये आला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथेच दीक्षा घेतली, आणि त्या सोहळ्यात बौद्ध झालेल्यांत स्वतः नियोगी होते. त्यांना काय भेटलं, असं त्यांना कोणी विचारलं नसेल. विचारूही नये. माणूस विचार करून धर्म बदलू शकतो, हे आपण न्यायमूर्तीच्या बाबतीत लगेच मान्य करतो. उपाशी पोराच्या बाबतीत मात्र शंका घेतो.

कारण माझा आजा उपाशी पोरच होता. 1900 च्या दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा तो सात वर्षांचा. कोणीतरी त्याला मिशनच्या अनाथालयात नेऊन सोडलं. तिथे त्याला टिनाचं एक टमरेल मिळालं आणि त्यात रोज पेज. मग पाटी मिळाली, मग बाप्तिस्मा. पुढे तो मास्तर झाला. ते टमरेल आजीने पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. शेजारीण उसनं पीठ मागायला आली की आजी त्यानेच मोजून द्यायची, काठोकाठ भरून, वर बोटाने सपाट न करता. परत घेताना मात्र सपाट. ते टमरेल मी पाहिलंय. कडेला गंज होता, तळाला डाग दिलेला.

पुढच्या शनिवारी दोस्ताला सांगितलं, "आज्याले पेज भेटली होती."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मंग पाऊस पडल्यावर परत काहून नाही आला?"

"कोणाकडे येणार होता?"

त्याने डबा पुढे ओढला. करंजी एकच उरली होती. त्याने ती मोडून अर्धी मला दिली.