उरलेल्यापासून मुळाकडे

मावळातलं मुख्य पीक भात, म्हणून सुरुवात तिथूनच करू. कुसगावातल्या एका घरी इंद्रायणी तांदूळ भरून आला असं समजा. निम्मा विकला, उरलेल्यातला तिसरा भाग लेकीकडे पाठवला, मग जो राहिला त्यातला पाव हिस्सा भावाला दिला. घरात 90 किलो उरला. मुळात किती होता?

‘समजा क्ष’ म्हणून पुढून निघालं की अपूर्णांकाला अपूर्णांक जोडत जावं लागतं. शेवटाकडून निघा. भावाला पाव गेला, म्हणजे 90 किलो हा पाऊण हिस्सा, त्याआधी 120. लेकीला तिसरा भाग गेला, म्हणजे 120 हे दोन तृतीयांश, त्याआधी 180. तो निम्मा. मूळ तांदूळ 360 किलो.

मुलं अडखळतात ती पहिल्याच पायरीवर. पाव वजा झाला होता, तर पाव मिळवू, असं म्हणून ती 90 चा पाव, म्हणजे साडेबावीस, मिळवतात. पण भावाला दिलेला पाव 120 चा होता. या पुस्तिकेतली बहुतेक उदाहरणं याच एका जागेवर रोखलेली आहेत, कारण ही जागा नीट उमजली की पुढचं सगळं आकडेमोडीचं काम आहे.

उलट जाण्याची रीत आर्यभटानं 499 च्या सुमारास सांगितली: गुणिलं असेल तिथं भागा, मिळवलं असेल तिथं वजा करा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) स्वतःच्याच अंशानं घटलेल्या संख्येचा नियम वेगळा दिला. छेदातून अंश वजा करून नवा छेद घ्या, अंश तोच ठेवा, आणि तेवढा भाग मिळवा. एक चतुर्थांश गेला असेल तर एक तृतीयांश मिळवायचा. 90 चा तिसरा भाग 30. संख्या स्वांशानं वाढली असेल, तर छेदात अंश मिळवायचा. इतका नेमका नियम आपल्या वर्गात सहसा सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते.

त्याच ग्रंथातला यात्रेकरू पाहा. त्यानं निम्मं धन प्रयागला दिलं, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, उरलेल्याचा चतुर्थांश वाटेत जकातीत गेला, उरलेल्याचे सहा दशांश गयेला. हाती 63 निष्क राहिले. मागे चला: 157.5, 210, 270, 540. जकात साडेबावन्न निष्क. द्रुतगती मार्गावर कुसगावच्या नाक्यावरचा टोल ठरलेल्या रकमेचा असतो; मागे येताना तो नुसता मिळवला की झालं. यात्रेकरूची जकात उरलेल्या धनावर आहे, म्हणून तिला भागाचा हिशेब लागतो. भास्कराचार्य स्वतः हे उदाहरण इष्टकर्मानं, म्हणजे सोयीची संख्या धरून सोडवतात. शिकणाऱ्यानं आधी उलट जावं, असं माझं मत.

मात्र रीत सगळीकडे लागू पडत नाही. ‘लीलावती’तल्याच भुंग्यांच्या उदाहरणात थव्याचा पाचवा भाग कदंबावर जातो, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरतो. इथं प्रत्येक भाग मूळ थव्याचाच आहे, उरलेल्याचा नाही. पायरीपायरीनं मागे जायला वाट नाही. भागांची बेरीज चौदा पंधरांश, उरलेला भुंगा पंधरावा भाग, थवा 15 चा. म्हणून उदाहरण हाती आलं की पेन्सिल उचलण्याआधी प्रत्येक अपूर्णांकाखाली लिहा: हा कशाचा भाग?